स्टेजवर सही करायची घाई नेमकी कोणाला आहे?

पत्र थोडक्यात

घणसोलीहून एका मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय, ओळख लपवून सारांश देतेय. वय ३१. ती आणि तिचा कॉलेजपासूनचा मित्र मिळून छोटा ॲनिमेशन स्टुडिओ चालवतात, चित्रं आणि ॲनिमेशन तिचं, साउंड त्याचा. जागा म्हणजे गावठाणात मावशीच्या घराच्या वरची खोली. पोट भरतं लग्नाच्या इन्व्हिटेशन व्हिडिओंवर आणि डॉक्टरांच्या माहिती देणाऱ्या व्हिडिओंवर, पण जीव आहे तो ठाण्याच्या खाडीतल्या प्राण्यांच्या गोष्टींमध्ये. त्यात एक निवटा आहे, म्हणजे खाडीच्या चिखलातला छोटा मासा, एक चिंबोरी आहे, म्हणजे खेकडा, आणि गोष्टी सांगते ती आजी, आगरी बोलीत, स्वतःच्या आवाजात. आता नवी मुंबईतल्या एका खासगी विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरनं, म्हणजे नव्या उद्योगांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्रानं, त्यांना भागीदारीचा एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, पाठवलाय. मिळणार काय, तर चार जणांची बसायची जागा, रेकॉर्डिंग स्टुडिओ, माणसाच्या हालचाली टिपून ॲनिमेशनला वापरायची मोशन कॅप्चरची लॅब, दर सेमिस्टरला १२ विद्यार्थी इंटर्न, मेंटॉर आणि विद्यापीठाचं नाव. द्यायचं काय, तर स्टुडिओत ८ टक्के स्टेक, म्हणजे मालकीतला वाटा, कॅम्पसच्या सोयी वापरून झालेल्या सगळ्या कामावर संयुक्त मालकी आणि आठवड्यातून अर्धा दिवस फुकट शिकवणं. मित्र म्हणतो अजिबात नको, हे लोक आपला निवटा ढापणार. नवरा म्हणतो एवढं मोठं नाव आयतं मिळतंय, विचार कसला करतेस. पुढच्या महिन्यात कॅम्पसवर कार्यक्रम आहे आणि सह्या तिथे स्टेजवर करायच्या आहेत. ती विचारते, "ताई, सही करू का? की आपल्यासारख्या छोट्या लोकांनी विद्यापीठाच्या नादी लागूच नये?"

उत्तर

ताई म्हणून लिहिलंयस म्हणून अगंतुगं करतेय, चालेल ना.

तुझ्या पत्रात टक्के आहेत, मालकी आहे, लॅब आहे, पण माझं लक्ष गेलं ते शेवटी घाईघाईत लिहिलेल्या स्टेजच्या वाक्यावर. कारण घाई तुला नाहीये. तुझी खोली शाबूत आहे, कामं चालू आहेत, निवटा काही पळून जात नाहीये. घाई त्यांना आहे, आणि ती का आहे हे कळलं की तुझा अर्धा गुंता सुटतो. कॉलेज-विद्यापीठांचं दर्जा ठरवणाऱ्या नॅकचं मूल्यांकन होतं ना, त्यात बाहेरच्या संस्थांशी, उद्योगांशी किती करार आहेत हे विचारतात, आणि तेही नुसते सही करून ठेवलेले चालत नाहीत, फंक्शनल एमओयू लागतात, म्हणजे त्याखाली काहीतरी झालेलं दाखवावं लागतं, फोटो, रिपोर्ट, हजेरीचे कागद, सगळ्याची फाइल होते. त्यात वाईट काहीच नाही, त्यांचं ते कामच आहे. पण तू पत्रभर "ते आपल्याला देतायत" अशा सुरात लिहिलंयस, जणू ते उपकार करतायत आणि तुम्ही हात पसरून उभे आहात, तर तसं नाहीये गं. चालता स्टुडिओ, तोही गावातलाच, तोही आगरी बोलीत आणि खाडीवर काम करणारा, हे त्यांच्या फाइलमध्ये सोन्यासारखं दिसतं. तेव्हा बोलायला बसशील तेव्हा बरोबरीनं बस.

त्यात सध्या दिवसही असे आहेत. २०२५ च्या मे महिन्यात बीकेसीत वेव्हज हे मनोरंजन उद्योगाचं मोठं संमेलन झालं, त्याच वर्षी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली, राज्य सरकारनं ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स या सगळ्यासाठी वेगळं एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं, त्यामुळे आता ज्याच्याकडे एक रिकामा मजला आहे तो त्यावर क्रिएटिव्ह सेंटरचा बोर्ड लावतोय. काही ठिकाणी खरंच काम होईल, काही ठिकाणी बीन बॅग आणि भिंतीवर बल्बचं चित्र एवढंच होईल. तुझं कुठलं आहे हे तुला सहीच्या आधी शोधून काढता येतं, ते कसं ते पुढे सांगते.

आधी नवऱ्याचा मुद्दा घेऊ, नाव. आपल्या भागात हे प्रकार नवे नाहीत, पवईला आयआयटीचं साइन हे इन्क्युबेशन सेंटर २००४ पासून आहे, तिथलीच डिझाइनची आयडीसी तर १९६९ ची, विद्याविहारला सोमय्याचं तसंच रिडल २०१० पासून आहे, उत्तनला म्हाळगी प्रबोधिनीचं अटल इन्क्युबेशन सेंटर आहे, आणि तुला खाडी ओलांडायचीही गरज नाही असं खारघरचं फॅशन शिकवणारं निफ्ट. अशा ठिकाणी राहून पुढे गेलेल्या लोकांशी बोललीस तर नावामुळे धंदा आला असं म्हणणारे कमी भेटतील, बहुतेक जण एखाद्या माणसाचं नाव घेतात, अमक्या सरांनी तमक्या कंपनीत फोन केला आणि पहिली ऑर्डर मिळाली. तुझे आत्ताचे गिऱ्हाईक कोण, तर लग्नघरं आणि डॉक्टर. त्यांना तुझ्या लेटरहेडवर कुठल्या विद्यापीठाचा लोगो आहे याच्याशी काडीचं देणंघेणं नाही. नाव उपयोगी पडतं ते शाळांची दारं उघडायला, सरकारी खात्यात फाइल सरकवायला, एखाद्या कंपनीचा समाजकार्याचा निधी बघणाऱ्या सीएसआरवाल्या बाईंनी मेलला उत्तर द्यावं यासाठी. तुमचा रस्ता त्या दिशेला जाणार असेल तर नावाची किंमत आहे. नसेल तर नवऱ्याला सांग, नाव आयतं मिळत नाहीये, त्याचे ८ टक्के लावलेत.

आणि ८ टक्के कशाचे, हा माझा पुढचा प्रश्न. तू सहज लिहून गेलीस की "आमची फर्म अजून रजिस्टर नाही, पैसे माझ्या अकाउंटला येतात आणि आम्ही वाटून घेतो." अगं मग बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी असं चाललंय तुमचं! नोंदणी नाही, दोघांत लेखी काही नाही, आणि तिसऱ्याला किती द्यायचं यावरून भांडताय. स्टुडिओत मित्राचा वाटा किती, उद्या त्याला पुण्यात नोकरी लागली तर त्यानं केलेल्या साउंडचं काय, चिंबोरीचं डिझाइन तुझं एकटीचं की स्टुडिओचं, हे कशावरच नाही. स्टार्टअप इंडियाची मान्यता हवी असेल तर प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा रजिस्टर्ड पार्टनरशिप असं काहीतरी नोंदलेलं लागतं, असंच दोघांनी मिळून करतो म्हणून ती मिळत नाही. तेव्हा विद्यापीठ राहू दे बाजूला, आधी तुम्ही दोघं बसा. मित्राची भीती मला खरं सांगू तर थोडी इथूनच आलेली वाटते, त्याला विद्यापीठाची धास्ती आहेच पण आपला शब्द कुठे धरला जातो याचीही असेल. विचार त्याला.

आता आकडा म्हणून ८ टक्के जास्त की कमी? मोजायला एक पट्टी आहे. केंद्राच्या शिक्षण खात्यानं २०१९ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या स्टार्टअपसाठी राष्ट्रीय धोरण काढलं, त्यात म्हटलंय की संस्थेनं दिलेल्या सोयीसुविधांच्या बदल्यात संस्था २ ते ९.५ टक्के स्टेक घेऊ शकते, आणि तो ठरवायचा तो संस्थेचं नाव किती वापरलं, प्राध्यापकांनी किती काम केलं, मदत किती दिली, संस्थेचं स्वतःचं बौद्धिक संपदा हक्क असलेलं काही वापरलं का, यावरून. साडेनऊची मर्यादा का, तर पुढे स्टार्टअपवर काही कायदेशीर बालंट आलं तर ते संस्थेच्या गळ्यात पडू नये. म्हणजे ८ हा वरच्या टोकाचा आकडा झाला. तो समजा एखाद्या पोरानं प्रोफेसरांच्या लॅबमध्ये, त्यांच्याच पेटंटवर, तीन वर्षं बसून मशीन बनवलं तर ठीक वाटेल. तुम्ही पात्रं घेऊन जाताय, गोष्टी घेऊन जाताय, आवाज घेऊन जाताय, आणि तिकडून मिळतायत खुर्च्या. त्याच धोरणात हेही लिहिलंय की संस्थेच्या सोयी न वापरता, अभ्यासक्रमाचा भाग नसताना बनवलेली गोष्ट पूर्णपणे बनवणाऱ्याचीच. तुम्ही त्यांचे विद्यार्थी नाही की स्टाफ नाही, त्यामुळे हे धोरण तुम्हाला थेट लागू नाही, पण बोलताना दाखवायला फार कामाचं आहे, इन्क्युबेशनवाल्यांना ते पाठ असतं.

माझ्या मते तुला खरा धोका स्टेकमध्ये नाही, संयुक्त मालकीच्या त्या एका ओळीत आहे. ऐकायला किती गोड आहे ना, दोघांचं मिळून. पण संयुक्त मालकीत दुसऱ्या मालकाच्या संमतीशिवाय लायसन्स देता येत नाही, आपल्या मुंबई हायकोर्टानंही असंच म्हटलेलं आहे. उद्या एखाद्या प्रकाशकाला निवट्याचं पुस्तक काढायचंय, आठ दिवसांत उत्तर हवंय, आणि तुझी फाइल रजिस्ट्रारच्या टेबलवर पडलीये कारण लीगलचे सर सुट्टीवर आहेत. ढापायचा कोणाचा विचारही नसताना काम बोंबलतं ते असं. आणि "कॅम्पसच्या सोयी वापरून" म्हणजे काय? तू घरी काढलेल्या चिंबोरीचा एक शॉट त्यांच्या वायफायवरून अपलोड केलास तर? आजीचा आवाज त्यांच्या बूथमध्ये रेकॉर्ड केलात तर? रेकॉर्डिंगचा हक्क निर्मात्याकडे जातो, म्हणजे ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी घेतली त्याच्याकडे, आणि ते कोण हे लिहून ठेवलं नसेल तर वाद घालायला जागा राहते. आजीचा कलाकार म्हणून स्वतःचा वेगळा हक्क आहे तो आहेच, ५० वर्षांचा. तिच्याकडून तरी काही लिहून घेतलंय का तुम्ही? की आजी आपलीच आहे म्हणून...

थोडं कायद्याचं सांगते, कंटाळू नकोस. आजीच्या गोष्टी पिढ्यानपिढ्यांच्या आहेत, त्यावर तुझी मालकी नाही, विद्यापीठाचीही नाही, "खाडीतला निवटा हीरो" या कल्पनेवरही कोणाचीच नाही, उद्या ऐरोलीतला दुसरा कोणी त्याचा निवटा काढू शकतो. तुझी मालकी आहे ती तू काढलेल्या निवट्यावर, त्याच्या त्या फुगलेल्या डोळ्यांवर. ती तू चित्र काढलंस तेव्हाच तुझी झाली, कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण पुराव्याला बरी पडते आणि चित्राला ५०० रुपये फी आहे, तेच चित्र टीशर्ट-डब्यांवर छापायचं असेल तर २,०००. स्टुडिओचं नाव आणि लोगो ट्रेडमार्कला टाकायचा तर एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन एका वर्गाचे ४,५००. मालकी दुसऱ्याला द्यायची तर ती लेखीच द्यावी लागते, आणि मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून मसुद्यात "कायमस्वरूपी" आणि "जगभर" हे दोन शब्द आहेत का ते बघ, वकील लोक ते सवयीनं टाकतात. आणि कुठलाही करार झाला तरी त्याला एक जोडपत्र लाव, त्यात आजवरची सगळी पात्रं, मॉडेल शीट (पात्र सगळ्या बाजूंनी दाखवणारी चित्रं), गोष्टी, गाणी, रेकॉर्डिंग यांची यादी तारखेसकट, आणि वर एक ओळ, की हे आधीपासून आमचं आहे आणि आमचंच राहील. ठाणे कोर्टाबाहेरच्या एखाद्या ओळखीच्या वकिलाला एकदा दाखव, पण कॉपीराइट बघणाराच शोध, जागेचे करार करणारे काका इथे नकोत.

लॅबबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. विद्यापीठाच्या मशीनवर जी सॉफ्टवेअर असतात ती बऱ्याचदा एज्युकेशन लायसन्सची असतात, ऑटोडेस्क कंपनीची माया वगैरे ॲनिमेशनची सॉफ्टवेअर त्या लायसन्सवर धंद्याच्या कामाला चालत नाहीत. म्हणजे "आमच्याकडे सगळं आहे, या आणि वापरा" म्हणून तुम्हाला बसवतील आणि तुम्ही त्यावर डॉक्टरांचा व्हिडिओ बनवलात तर लायसन्स तुम्ही मोडलंत. विचार त्यांना स्पष्ट. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर असेल तर प्रश्न नाही, ते फुकट आणि कशालाही चालतं, पण मग त्यासाठी तुला लॅब कशाला हवी? तुझा मशीनचा प्रश्न खरंतर रेंडरचा, म्हणजे केलेल्या कामाचा तयार व्हिडिओ काढण्याचा आहे, रात्रभर लॅपटॉप तापतो असं लिहिलंयस, तर त्यांच्या लॅबमधली मशीन रात्री रिकामी असतात, ती रेंडरला मिळतील का हे विचार. स्टुडिओचंही तसंच. तुझा मित्र रात्री अकरानंतर रेकॉर्ड करतो कारण दिवसा हॉर्न आणि प्रेशर कुकर, तर कॅम्पसचा बूथ संध्याकाळी सहाला कुलूप लागणारा असेल आणि रविवारी गेटवरचा सिक्युरिटी आत सोडणार नसेल तर तो बूथ तुमच्या काय कामाचा.

मग ते १२ इंटर्न. तू लिहिलंयस "बारा हात फुकट मिळतील". आता फुकटचं ते पौष्टिक हे आपल्या रक्तात आहे, पण जरा चित्र डोळ्यासमोर आण. एका पोरानं चिंबोरीच्या आठ पायांचं आणि दोन नांग्यांचं रिग (हलवता येईल असा सांगाडा) करायला फाइल पाठवली, चित्र छान आहे, पण लेअरची नावं "लेअर ७ कॉपी", "लेअर ७ कॉपी कॉपी", "फायनल", "फायनल खरं", डावी नांगी धडाला चिकटलेली, पाय एकाच लेअरवर. ती फाइल सुटी करायला तुझा अख्खा दिवस जाणार. अशा १२ फाइली. पोरांची चूक नाही, त्यांना कोणी शिकवलंच नाही, आणि शिकवायला तू तिथे असणार म्हणून तर विद्यापीठाला तू हवीयस! शिवाय त्यांचं वेळापत्रक. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला चार क्रेडिट असतात, म्हणजे १२० तास, ते भरले की पोरगं जातं, मधे इंटर्नल, सबमिशन, व्हायवा, गणपती, दिवाळी, आणि तुझं लग्नाचं सीझन नेमकं नोव्हेंबरपासून, तेव्हाच त्यांच्या परीक्षा. १२ घेऊ नकोस, तीन घे, आणि निवड तू कर, पोर्टफोलिओ बघून. थोडा का होईना स्टायपेंड दे, निदान रिक्षा-लोकलचे पैसे सुटतील एवढा.

आणि बघ, तू स्वतःच्या मालकीची एवढी काळजी करतेयस, त्या पोरांच्या मालकीचं काय? कायद्यानं नोकरानं नोकरीचा भाग म्हणून काढलेलं चित्र मालकाचं होतं, पण इंटर्न हा नोकर असेलच असं नाही, आणि नसेल तर त्यानं काढलेलं बॅकग्राउंड त्याचंच राहू शकतं, तू लिहून घेतलं नसेल तर. म्हणजे निवट्याच्या फिल्ममधलं खाडीचं सुंदर बॅकग्राउंड नेरूळच्या एका मुलीच्या मालकीचं, आणि ती आता बंगळूरला. साधं एक पानी पत्र कर, मराठीत चालेल, की या या कामाचे हक्क स्टुडिओला, बदल्यात एवढा स्टायपेंड, क्रेडिटमध्ये नाव आणि तिला हे काम पोर्टफोलिओत दाखवता येईल. पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी नाकारणारे स्टुडिओ मी पाहिलेत आणि मला ते फार खुजेपणाचं वाटतं, त्या वयात पोरांकडे दाखवायला दुसरं असतं काय.

फुकट शिकवण्याचं तर मला रागच आला. व्हिजिटिंग फॅकल्टीला लेक्चरप्रमाणे मानधन असतं, बहुतेक कॉलेजांत त्याची बजेटमध्ये वेगळी तरतूद असते. यूजीसीनं २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस हा प्रकारही आणलाय, पीएचडी नसलेल्या पण कामात मुरलेल्या माणसाला शिकवता यावं म्हणून, पण त्याला १५ वर्षांचा अनुभव लागतो, तुझा तेवढा नाही, तेव्हा तू व्हिजिटिंगच माग. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, पहिल्याच मीटिंगला विचार की मानधन किती. यावर समोरचा गडबडला तर तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, की छोट्यांनी विद्यापीठाच्या नादी लागूच नये का. लागावं, पण दार दुसरं ठोठवावं असं मला वाटतं. तुम्ही दोघं विद्यापीठ म्हटलं की इन्क्युबेशन सेंटर एवढंच बघताय, कारण मेल तिथून आला. त्याच कॅम्पसवर बाकीची डिपार्टमेंट आहेत ना! ठाण्याची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली, ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे तिथे शाळेच्या सहली येतात. झूलॉजीच्या एखाद्या मॅडमना निवटा चिखलात श्वास कसा घेतो, चिंबोरी कात कशी टाकते हे पक्कं माहीत असतं आणि ते मुलांपर्यंत न्यायचं कसं हे माहीत नसतं. तुझं नेमकं उलटं. एज्युकेशन डिपार्टमेंटच्या बीएडच्या मुली सरावाचे पाठ घ्यायला शाळांमध्ये जातातच, त्या तुझी फिल्म वर्गात दाखवून मुलं कुठे हसली, कुठे चुळबुळली हे तुला आणून देतील, आणि आगरी बोली ऐकून दादर-पार्ल्याहून बदलून आलेल्या मुलांना किती कळलं हेही. हे तुला कुठला मेंटॉर देणार? आणि यासाठी स्टेक कोणी मागत नाही.

शिवाय विद्यापीठ हे स्वतःच मोठं गिऱ्हाईक आहे. लॅब सेफ्टीचे व्हिडिओ, नव्या पोरांसाठी ओरिएंटेशन, हॉस्पिटल असेल तर पेशंटसाठीच्या फिल्म, जे तू आत्ता एकेका डॉक्टरला करून देतेस तेच. त्यांच्याकडून काम घे, बिल लाव. आधी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी, करून ठेव, ऑनलाइन आहे, फुकट आहे, मग छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करारात ९० लिहिलं तरी ४५ च, आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. व्याज कोणी मागायला जात नाही, पण अकाउंट्सला फोन करताना कायद्याचं नाव घेतलं की आवाज बदलतो. एवढंच लक्षात ठेव, की पैसे देऊन बनवून घेतलेली फिल्म, वेगळं काही ठरलं नसेल तर, पैसे देणाऱ्याची होते. त्यामुळे त्या कामात निवट्याला आणू नकोस, त्यांच्यासाठी नवं पात्र काढ. आणायचाच असेल तर वेगळं लायसन्स, वेगळे पैसे.

हे सेंटर चालतं की नुसता बोर्ड आहे हे बघायचं तर गेल्या वर्षी तिथे बसलेल्या दोन-तीन टीमचे नंबर घे, कोऑर्डिनेटर समोर नसताना फोन कर. सीड फंड, म्हणजे सुरुवातीचं भांडवल, म्हटला होता तो अकाउंटला आला का आणि किती महिन्यांनी, मेंटॉर शेवटचा कधी भेटला, बाहेर पडताना स्टेकचं काय झालं. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

हे वाचणारे बाकीचे लोक म्हणतील आमचं ॲनिमेशन नाही. प्रत्येकाचं गणित वेगळं आहे खरं. वागळे इस्टेटला सिरॅमिक किंवा प्रॉडक्ट डिझाइन करणाऱ्या माणसाला भट्टी, लेझर कटर, टेस्टिंग या गोष्टी स्वतः घेणं परवडतच नाही, त्याच्यासाठी लॅबची किंमत खरी आहे आणि दोन-तीन टक्के स्टेक दिला तरी मी त्याला वेडा म्हणणार नाही. पण वस्तूचं डिझाइन कॅम्पसवरच्या प्रदर्शनात मांडायच्या आधी डिझाइन कायद्याखाली अर्ज टाका, एकदा जगाला दाखवलं की ते नवं राहत नाही, आणि नोंदणी न करता ५० च्या वर नग मशीनवर काढलेत तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइटही जातो. नाटकवाल्या ग्रुपना तालमीला जागा हवी असते, गडकरी किंवा भावे नाट्यगृहाचं भाडं प्रयोगापुरतंच परवडतं, त्यांनी कॉलेजचा हॉल संध्याकाळी मागावा आणि बदल्यात एकांकिकेच्या पोरांना चार वर्कशॉप द्यावीत, तिथे एमओयू सरळ सही करा, गमवायला काही नाही. फॅशन, दागिने, कापड करणाऱ्या बायकांनी निफ्टच्या मुलांच्या ग्रॅज्युएशन प्रोजेक्टकडे लक्ष ठेवावं, मात्र प्रोजेक्ट संपल्यावर पॅटर्न कोणाकडे राहणार हे आधी बोलून.

तुझ्यापुरतं म्हणशील तर मी हा एमओयू आहे तसा सही करणार नाही आणि फाडूनही टाकणार नाही. एका सेमिस्टरचं, एका डिपार्टमेंटशी, एका छोट्या फिल्मचं पत्र करायला सांगेन. स्टेक शून्य. तीन इंटर्न, शिकवायचं मानधन, रात्रीचा बूथ आठवड्यातून दोनदा, जोडपत्रात जुनी पात्रं तुमची, नव्या फिल्मवर विद्यापीठाला वर्गात दाखवायचा आणि स्वतःच्या वेबसाइटवर ठेवायचा हक्क, मालकी स्टुडिओची, क्रेडिटमध्ये त्यांचं नाव ठळक. त्यांना फंक्शनल काहीतरी हवंय, हे झालं फंक्शनल. सेमिस्टर संपल्यावर दोघांना जमलं असं वाटलं तर स्टेकचं बोला, तोपर्यंत तुमची एलएलपीही झालेली असेल. मेल असा लिही, "सर, प्रस्तावाबद्दल आभार. पहिल्या सेमिस्टरसाठी सोबत जोडलेल्या स्वरूपात काम सुरू करायला आम्हाला आवडेल. कार्यक्रमात या पत्रावर सह्या करता येतील. स्टेक आणि मालकीबद्दल सेमिस्टर संपल्यावर चर्चा करू." पुढं काही स्पष्टीकरण नको, सॉरी तर नकोच. स्टेज त्यांचा राहू दे, फोटो येऊ दे, पाहिजे तर निवट्याचा कटआउट घेऊन जा.

आणि त्यांनी सांगितलं की आमचा फॉरमॅट ठरलेला आहे, त्यात बदल होत नाही, तर ठीक आहे म्हणायचं आणि त्याच आठवड्यात झूलॉजीच्या मॅडमना जाऊन भेटायचं, डिपार्टमेंटला कॉन्टिंजन्सीतून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या निधीतून, एखादी छोटी फिल्म करून घेता येते का विचारायचं. तसं झालं तर पर्चेस ऑर्डर हातात पडल्याशिवाय काम सुरू करू नकोस. त्या बिलावर जीएसटी लावायचा का आणि टीडीएस किती कापतात हे विचारणारी बरीच पत्रं माझ्याकडे पडलीयेत, पुढच्या वेळी तीच घेते.